बारा मार्चच्या आधी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत सात मीटर आणि वर एक वीत. मी टेपने मोजलंय, तीनदा मोजलंय, एकदा तर भर पावसात छत्री बगलेत धरून, कारण मुंडकार कायद्यात घराच्या भिंतीपासून पाच मीटर लिहिलेत आणि मला उगाच वाटत होतं की टेप नीट ताणला तर विहीर आत येईल. नाही येत. तुळस येते, न्हाणी येते, फणसाच्या फांद्या येतात पण बुंधा बाहेर राहतो. पंचायत भागात ३०० चौरस मीटरचा हिशेब लावला तर विहीर बसेल असं एक वकील म्हणाले, दुसरे म्हणाले ते विसरा, आणि दोघांनीही फी घेतली.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आम्ही मुंडकार. म्हणजे घर आमचं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. पणजोबा कधीतरी या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, आले, भाटकार म्हणाला, "हांगा राव आनी माड पळय," इथे राहा आणि माड बघ, आणि ते राहिले. माडांना पाणी घालायचं, नारळ चोरीला जाऊ द्यायचे नाहीत, भाटकाराकडे लग्न असलं की चार दिवस घरातल्या सगळ्यांनी तिकडे राबायचं, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान रानातून काढून पोचवायचं. भाडं नाही, करार नाही, पावती तर नाहीच नाही. मी कॉलेजात असताना एकदा आजीला शहाणपणाने विचारलं की अगं कागद कसा नाही केला तुम्ही, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडा. "कागद खंयचो? उतर आशिल्लें."

उतर म्हणजे दिलेला शब्द. आता शब्दाचं काय होतं तर तो देणारा मेला की शब्द पण जातो, आणि मागे राहतात त्याची मुलं, सुना, जावई. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी, मुलांचा वाटा सारखा, त्यामुळे एक भाटकार गेला की त्याच्या जागी वीस-बावीस नावं उभी राहतात, कोण मुंबईला, कोण लिस्बनला, कोण कुठे आहे तेच माहीत नाही. आणि नोटीस सगळ्यांना लागू व्हावी लागते.

पण मला लिहायचंय ते आमच्या केसबद्दल नाही, म्हणजे फक्त तेवढ्याबद्दल नाही. मला लिहायचंय विधानसभेबद्दल. हसू नका.

झालं असं की बाबांच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी आमदार घरी आले. आमच्याकडे आमदार येतातच, बारशाला, मयताला, सत्यनारायणाला. चहा झाला, बाबांबद्दल दोन शब्द झाले, आणि उठता उठता त्यांनी नेहमीचं विचारलं, काय काम असलं तर सांग. मी काही मागायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं की मुंडकार केस आहे, बाबांनी घातलेली, ते गेले तरी चालूच आहे. ते म्हणाले, बघूया, एलएक्यू घालतो.

एलएक्यू हा शब्द गोव्यात पानवाल्याला पण कळतो. विधानसभेत आमदार लेखी प्रश्न घालतो आणि खात्याला उत्तर द्यावं लागतं. खरंच घातला त्यांनी. काही महिन्यांनी त्यांच्या पीएने व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. प्रश्न दोन ओळींचा, कुठल्या तालुक्यात किती मुंडकार प्रकरणं पडून आहेत आणि त्याची कारणं काय. उत्तर एका ओळीचं, सोबत जोडलेलं परिशिष्ट बघावे. परिशिष्टात तक्ता. आमच्या तालुक्यासमोर एक आकडा. मी तो आकडा बराच वेळ बघत बसलो, मूर्खासारखा झूम करून. त्या आकड्यात एक आम्ही होतो. आजी, पणजोबा, विहीर, बाबांच्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्या डेट, म्हणजे सुनावणीच्या तारखा, सगळं मिळून एक.

त्या रात्री मी पहिल्यांदा कायदा मुळातून वाचला. तोवर मी पण बाकीच्यांसारखं भाऊंनी दिलं, ताईंनी दिलं, एवढंच म्हणायचो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर म्हणजे भाऊ, त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेली त्यांची मुलगी शशिकला काकोडकर म्हणजे ताई, आमच्या घरात हे दोघं देव्हाऱ्याच्या बाजूला नव्हते एवढंच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला, १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक, ९ जानेवारी १९६४ ला पहिली विधानसभा बसली ती पणजीत मांडवीच्या काठावर आदिलशहाच्या वाड्यात. जिथे आधी पोर्तुगीज व्हॉइसरॉय राहायचे तिथे! आणि समोर मगोचे, म्हणजे भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे आमदार, ज्यांच्यातल्या कितीतरी जणांना मत देणारा माणूस कूळ नाहीतर मुंडकार. घोषणा एकच, कसेल त्याची जमीन, राहील त्याचं घर. आता गंमत बघा, भाऊ स्वतः खाणमालक. भाटकारशाही मोडायला निघालेला माणूस गरीब नव्हता, आणि मला वाटतं तो गरीब असता तर त्याला कोणी मोडूच दिली नसती. समोर डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स, ज्याला आमच्याकडे सरळ भाटकारांचा पक्ष म्हणायचे. ते पूर्ण खरं नव्हतं, सासष्टीत मुंडकार किरिस्तांव पण ढिगाने होते आणि आमच्या बाजूला भाटकार हिंदूच होते, पण निवडणुकीत एवढं बारीक कोण बघतो.

१९६४ ला कूळ कायदा आला, खंड पिकाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त घ्यायचा नाही असं ठरलं. जमीन कुळाची व्हायला १९७६ ची पाचवी दुरुस्ती यावी लागली, आणि ती पुढे कोर्टकचेऱ्यांत सापडली आणि शेवटी १९८४ मध्ये घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवावी लागली. भाऊ तोवर गेले होते, १२ ऑगस्ट १९७३. त्यामुळे राहील त्याचं घर ही अर्धी घोषणा ताईंच्या काळात कायदा झाली. मुंडकार संरक्षण कायदा १९७५ चा, लागू झाला १२ मार्च १९७६ ला. आणीबाणी चालू होती तेव्हा देशात, पण आमच्या वाड्यावर त्या वर्षाची आठवण विचारा, कोणी आणीबाणी म्हणणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण मला झोप लागली नाही ती ह्यामुळे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत कायम वस्ती करून राहणारा माणूस. संमतीने! मग ज्याच्याकडे कागद नाही त्याने संमती कुठून दाखवायची? तर कायदा करणाऱ्याने पुढे एक स्पष्टीकरण घातलंय, आणि ज्याने कोणी ते लिहिलं त्याच्या मला पाया पडावंसं वाटतं. १२ मार्च १९७६ च्या आधी निदान एक वर्ष तुम्ही त्या घरात राहत असाल, आणि त्या वर्षात भाटकाराने तुम्हाला घुसखोर म्हणून काढायला काही कारवाई केली नसेल, किंवा करून त्याला हुकूम मिळाला नसेल, तर त्याची संमती होती असंच धरायचं.

म्हणजे तो गप्प राहिला हीच संमती.

मी हे वाक्य चार वेळा वाचलं. कारण उलट बाजूने वाचलं तर ह्याचा अर्थ असा होतो की घुसखोर आणि मुंडकार ह्या दोन वेगळ्या जाती नाहीतच, मध्ये फक्त एक वर्षाचं गप्प राहणं आहे. ज्याला कोणी हाकललं नाही तो मुंडकार. आणि तारखेच्या पलीकडे तसाच माणूस, तसंच मातीचं घर, तसंच माडाच्या चुडतांचं छप्पर, पण १९७७ ला आलेला, तो मात्र कोणीच नाही.

सगळेच आत आले असं पण नाही हं. घरकाम करून पगार घेणारा आणि मालकाच्या आवारात राहणारा गडी मुंडकार नाही. घर सांभाळायला ठेवलेला मुंडकार नाही. खाणीत कामाला आणि खाणीच्या जागेत राहतोय, तो पण नाही. खाणमालक मुख्यमंत्र्यांच्या पक्षाने केलेल्या कायद्यात खाणकामगार बाहेर, ह्यावर मी काही बोलत नाही. बोलणारे तेव्हा कोण बोलले असतील ते त्या जुन्या कामकाजाच्या बांधीव खंडांत असणार.

आमची साक्ष आठवते मला. मी शाळेत होतो, बाबांनी मला सोबत नेलं होतं, तालुक्याच्या कचेरीत, लांबलचक बाक आणि त्यावर पानाच्या पिचकाऱ्यांचे डाग. वाड्यावरचे एक म्हातारे शेजारी साक्षीला आणलेले, धोतर, डोक्यावर टोपी, कानाने कमी. मामलेदारांनी विचारलं की हे घर इथे कधीपासून आहे. म्हाताऱ्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, पंचाहत्तरच्या आधीपासून, मी स्वतः बघितलंय. नंतर घरी आल्यावर आजी हसत होती, म्हणे ह्याला आपल्या लग्नाचं साल सांगता येत नाही आणि घराचं बरोब्बर सांगितलं. तो खोटं बोलला नव्हता, घर होतंच, पण त्याला साल माहीत होतं का? त्याला एवढंच माहीत होतं की कचेरीत हे साल सांगायचं असतं.

त्यानंतर डेट, डेट, डेट. एकदा मामलेदार निवडणुकीच्या ड्युटीवर, एकदा पुराच्या बंदोबस्ताला, एकदा बदली, नवीन आला तो पहिल्यापासून वाचणार, एकदा वारसदाराची नोटीस परत आली. ह्या मधल्या काळात आम्ही मातीच्या भिंती पाडून चिरे घातले, ते पण कसे, शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी कचेरी उघडायच्या आत एक भिंत पुरी, असं चार आठवडे. दुरुस्तीचा हक्क कायद्यात आहे, पण हक्क असणं आणि स्टे न येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाड्यावर प्रत्येकाला कळतं.

मग विधानसभेत बोलून काय होतं, हा प्रश्न मला पडणारच. आमदाराने प्रश्न घातला, तक्ता आला, पुढे काय. पण थोडं मागे गेलं तर वेगळं दिसतं. तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे कोकण, तिथे भाटकाराच्या जागी खोत. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधानसभेत डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, खोतांना वाजवी भरपाई द्या आणि कसणाऱ्याला थेट कब्जेदार करा. विरोधी बाकावरचा माणूस, विधेयक काही मंजूर झालं नाही. पुढच्या जानेवारीत ते शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन त्याच विधानसभेवर गेले. आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. बारा वर्षं. आमच्या केसच्या मानाने काहीच नाही म्हणा.

आणि दुसरे दादासाहेब गायकवाड. आमच्याकडे ह्यांचं नाव फार कमी ऐकू येतं. काळाराम मंदिर सत्याग्रहात पुढे असलेले नाशिकचे दादासाहेब, १९५७ ते ६२ लोकसभेत, मग १९६८ पर्यंत राज्यसभेत. त्यांचा प्रश्न आमच्यापेक्षा अवघड होता. आमच्याकडे निदान एक भाटकार होता ज्याने कधीतरी "राव" म्हटलं. दादासाहेब ज्यांच्यासाठी भांडत होते त्यांना कोणीच काही म्हटलं नव्हतं, गावकुसाबाहेरचे भूमिहीन, सरकारी पडीक आणि जंगलाच्या जमिनीवर नांगर घालणारे, सरकारी भाषेत अतिक्रमणवाले. पडीक जमीन ह्यांना द्या, हे ते सभागृहात पण मांडत होते आणि बाहेर रस्त्यावर पण. १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर, लाखोंनी माणसं तुरुंगात गेली. १९६४! इकडे आदिलशहाच्या वाड्यात आमचा कूळ कायदा झाला तेच वर्ष. आपण आपल्या घोषणेत इतके रमलेलो की ही बातमी आमच्या घरापर्यंत पोचलीच नाही. बाबांनी कधी नाव काढल्याचं आठवत नाही.

म्हणजे बघा, सरकारची जमीन, कोमुनिदादची जमीन, तिथे गप्प राहणारा कोण? भाटकार गप्प राहिला तर त्याचं नुकसान त्याला सोसायचं असतं. कोमुनिदाद म्हणजे गावकरी, जुनी गावसंस्था, जमीन गावच्या मूळ गावकारांची सामाईक. तिथे डोंगरावर रातोरात खोपी उभ्या राहिल्या तर गप्प राहिला तो तलाठी, गप्प राहिला तो पंच ज्याने घर नंबर दिला, गप्प राहिला तो ज्याने विजेचं मीटर बसवलं, आणि हे सगळे फुकट गप्प राहिले असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. मडगावचा मोती डोंगर, झुआरीनगर, चिंबलचं इंदिरानगर, नावं घेतली की गोंयकाराच्या कपाळावर आठी येते. माझ्या पण येते, खोटं कशाला बोलू. "घाटी" हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरायचे, आजीसुद्धा, जिच्याकडे स्वतःच्या घराचा कागद नव्हता.

३० जुलै २०२१ ला भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक आलं तेव्हा मी पण तावातावाने बोललो होतो. तीस वर्षं गोव्यात राहिला तो भूमिपुत्र, १ एप्रिल २०१९ च्या आधीचं घर असलं तर अडीचशे चौरस मीटरपर्यंत त्याच्या नावावर. विरोधक सभागृहात नाहीत आणि विधेयक पास. मग गावडे, कुणबी, वेळीप समाज उठला, की भूमिपुत्र आम्ही, हा शब्द तुम्ही कोणाला वाटताय. काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांना माघार घ्यावी लागली. त्या समाजांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं असं मला आजही वाटतं. शब्द चुकला की कायदा पडतो. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न, की ज्याचं घर आहे पण जमीन नाही त्याचं काय, तो बाजूलाच राहिला, आणि तो प्रश्न आमचाच होता.

२०२५ ला परत आला. मार्चमध्ये हायकोर्टाने रस्त्याकडेच्या, सार्वजनिक जागेतल्या बेकायदा बांधकामांवर कडक आदेश दिला, गावोगाव घबराट, आणि पावसाळी अधिवेशनात सरकारने दुरुस्त्या आणल्या. सरकारी जमिनीवरचं घर, चारशे चौरस मीटरपर्यंत, कोमुनिदादमधलं तीनशेपर्यंत, आणि तारीख, २८ फेब्रुवारी २०१४. त्याच्या आधीचं असेल तर अर्ज करा. ऑक्टोबरमध्ये माझे घर म्हणून योजना पण सुरू झाली. आमदारांकडून पास काढून मी एक दिवस पर्वरीला, आताच्या विधानसभेच्या गॅलरीत जाऊन बसलो होतो. वर एसी एवढा की लोक रुमाल डोक्याला बांधून बसलेले, मोबाइल खाली जमा, समोर खाली आमदार कोंकणी, मराठी, इंग्रजी एकाच वाक्यात बोलतात. कोण म्हणतं मतांसाठी, कोण म्हणतं गोंयकाराची घरं वाचतील, कोण म्हणतं गोंयकाराच्या नावावर भायल्यांची. मला सगळ्यांचंच थोडं थोडं पटत होतं, जे फार वाईट असतं. कोमुनिदादवाल्यांचा विरोध तर मला अजून पटतो, की जमीन आमची आणि उदार तुम्ही. हे असंच भाटकारांनी पण १९७६ ला म्हटलं असणार, आणि तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

तर आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आमच्या वाड्याच्या वर डोंगराच्या पोटाला चारपाच घरं आहेत, कोमुनिदादच्या जागेत. त्यातल्या एका घरातली अक्का, विजापूरकडची, नवरा गवंडी, आमच्या त्या चार आठवड्यांच्या भिंतींतली एक त्यानेच उभी केलेली. तिची मुलगी गावच्या मराठी शाळेत माझ्या मुलीच्या वर्गात होती. गेल्या महिन्यात अक्का आली, हातात प्लास्टिकची पिशवी, आत घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड. पायरीवरच बसली, आत ये म्हटलं तरी नाही. म्हणाली, "दादा, फॉर्म भरायचाय, अ‍ॅफिडेविटला सही लागते ओळखीच्या माणसाची. घर चौदाच्या आधीचं आहे, तुम्ही बघितलंय ना?"

बघितलंय. निळी ताडपत्री, मग पत्रे, मग चिरे, सगळं ह्याच पायरीवरून बघितलंय आणि कधी कोणाला काही बोललो नाही. पण कधी? मुलगी शाळेत लागली त्या वर्षी ताडपत्री होती की पत्रे? पिशवीतली सर्वात जुनी पावती २०१५ ची. त्याच्या आधीच्या पावसात भिजल्या म्हणाली. ते खरंही असेल. मी म्हटलं, ठेवून जा, बघतो. हे "बघतो" मी कुठून शिकलो ते मला माहीत आहे.

ती उठली, आणि मी मोजायला बाहेर काढलेला टेप पायरीवरच पडला होता, तो तिने उचलून नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. विहिरीचं झालं का तुमच्या, विचारलं. म्हटलं नाही अजून, ऐकतोच आहे वाडा सगळा. ती म्हणाली, पाणी तर भरताय ना, आणि डोंगराच्या वाटेने वर गेली.

पिशवी टेबलावर आहे. अ‍ॅफिडेविटचा मसुदा वर आहे, साक्षीदाराच्या नावाची जागा मोकळी, आणि पंख्याने उडू नये म्हणून मी त्याच्यावर आमची फाइल ठेवलीय.